सात नंबरची खुर्ची

आमच्या क्लबची खोली म्हणजे हनुमाननगरात
बोरकुट्यांच्या गॅरेजचा मागचा अर्धा भाग.
पुढच्या अर्ध्यात त्यांची स्कूटर,
चालतही नाही, ते विकतही नाहीत.
मागे आमचा पसारा:
चाकाच्या खुर्च्या नऊ, वॉकर चौदा, कुबड्यांचा भारा,
आणि एक कमोडची खुर्ची
जिच्याशेजारी फोटोला कुणी उभं राहत नाही.

अनामत पाचशे. भाडं नाही.
रजिस्टर माझ्याकडे, पोस्टात बत्तीस वर्षं काढली म्हणून.
रकाने मीच आखले.
शेवटचा होता 'परत करण्याचे कारण'.
पहिल्या महिन्यातच तो आखणं सोडलं.
कधी माणूस स्वतः चालत येतो, पेढ्याचा पुडा घेऊन.
कधी मुलगा येतो, डोक्यावरून नुकता वस्तरा फिरलेला,
आणि म्हणतो, पाचशे राहू द्या तुमच्याकडेच.

सात नंबर एप्रिलात गेली सक्करदऱ्याला.
रुक्मांगद पराते, वय एकाहत्तर, मांडीचं हाड.
दुसरा एप्रिल उलटला, खुर्ची नाही, फोन बंद.
बैठकीत सव्वा तास चर्चा.
खापेकर मॅडम म्हणाल्या, नियम तो नियम.
अध्यक्ष म्हणाले, पदग्रहणाला पाहुणे येतायत,
आधी शालींचं बघा.
तेवढ्यात तर्री-पोहे आले आणि ठराव राहिला.

शेवटी मी आणि निखारे निघालो,
मे महिन्याची दुपार, तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा.
रस्त्यात चिटपाखरू नाही.
फक्त एक बाई कूलरच्या टाकीत बादली ओतत होती.
तीच परात्यांची सून निघाली.

"बाबा तर दिवाळीतच गेले जी."
आणि खुर्ची?
"समोरच्या हेडाऊ काकूले दिली. शुगरनं पाय काढला ना तिचा."
हेडाऊ काकूंना जावयानं नवीन आणली,
जुनी मागच्या गल्लीत, वांदिल्यांच्या पोट्टीला.
पोट्टीनं तिच्यावर बसून बारावीचे पेपर दिले.
आता प्लास्टर निघालंय.
"चला, दाखवते," म्हणून अनवाणी पुढे पळाली,
तापलेल्या डांबरावरून, सावली सावली गाठत.
चौथं घर. तिथून पाचवं.
प्रत्येक दारात माठाचं पाणी घ्यावंच लागलं.

पाचव्या घरी, जमिनीत मागाचा जुना खड्डा,
त्यावर आता फळी आणि फळीवर टीव्ही.
शेजारी आमची खुर्ची, खुर्चीत एक म्हातारा.
पाठीमागे क्लबचं नाव अर्धं खरवडलेलं,
सात मात्र शाबूत.
डावा ब्रेक सायकलचा बसवलेला.
फाटलेल्या रेक्झिनच्या जागी सुती पट्टी,
लाल-हिरव्या काठाची, हातानं विणलेली,
इतकी ताठ की दुकानातही मिळू नये.

निखारे कानात कुजबुजले,
"काऊन जी, घरं पाच अन् अनामत एकाचीच?"
मी हिशोब केला.
घरपट शंभर पडत होते.

म्हाताऱ्यानं विचारलं, "न्यायले आले का?"
त्याचे दोन्ही हात चाकांवर.
मी म्हणालो, "नाही जी. तेल टाकायले आलो."
तेल नव्हतंच आमच्याकडे.
त्यांच्याच घरचं मागितलं, जवसाचं,
आणि गुडघ्यावर बसून दोघांनी
चारही चाकांना घातलं.

रात्री रजिस्टर उघडलं.
'हरवली' लिहावं, तर खोटं.
'दिली' लिहावं, तर पाचापैकी चार घरी
आम्ही कुठे दिली होती?
तेरा महिने रिकाम्या राहिलेल्या चौकटीत
बारीक अक्षरात लिहिलं: फिरतीवर.

खापेकर मॅडमनी ते वाचलं,
चष्मा काढून पुसला, परत वाचलं,
आणि शालींची पावती पुढे सरकवली.

निखाऱ्यांच्या डिकीत हल्ली तेलाची बाटली असते.
विचारलं तर म्हणतात,
घरच्या दाराची बिजागरी करकरते.